सील अबाधित आढळले

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेचा भार गेली बारा वर्षं वाहणाऱ्या मा. सुमतीताई घाटे; प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले, कामठीहून रोज शेअर ऑटोने येऊन आपल्या वाचनकक्षाचं कुलूप उघडण्याआधी पायरीवर हजर असणारे ज्येष्ठ सभासद श्री. चंद्रभानजी बोंद्रे, पहिल्या रांगेत बसलेले कार्यकारिणीचे सर्व सन्माननीय सदस्य, माझे सहकारी, वाचनकक्षातले विद्यार्थी आणि विद्यार्थिनी, कन्हानहून मुद्दाम आलेली ठवरे कुटुंबातली मंडळी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सहायक ग्रंथपाल सौ. गोपिकाताई ठवरे. आपणा सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. आत्ता पाच वाजून दोन मिनिटं झाली आहेत. साडेपाचला कार्यालय बंद होईल आणि त्या क्षणी गोपिकाताईंची चौतीस वर्षांची नोकरी संपेल. त्याआधी मला अध्यक्षांकडून एका कागदावर सही हवी आहे. कागद माझ्या खिशात आहे. तो कशाचा आहे हे सांगायलाच मी उभा आहे, त्यामुळे कृपा करून कोणी मला चिठ्ठी पाठवून आवरतं घ्यायला सांगू नये. चहा थोडा थांबेल.

मी कृष्णकांत पोतनीस, या संस्थेचा कार्यालय अधीक्षक. ज्यांना माझं नाव माहीत नाही त्यांना माझा स्वभाव नक्की माहीत असेल. मी शंकेखोर आहे. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी वाचतो, आणि मग दुकानदाराला म्हणतो, ज्या क्रेटमधून काढली तो क्रेट दाखवा. लग्नपत्रिका आली की आधी पंचांग उघडून मुहूर्त ताडून पाहतो. माझी पत्नी हर्षा तिकडे बसली आहे, ती सगळ्यांना सांगते की हे रामटेकला गडावर गेले तरी एक चप्पल या कोपऱ्यात काढतात आणि दुसरी त्या कोपऱ्यात. हसा. पण तीस वर्षांत माझी चप्पल गेलेली नाही.

या संस्थेत अशा माणसाची गरज असते असं मला कायम वाटत आलं. पुस्तकं जातात, पंखे जातात, एकदा तर नोटिस बोर्डच गेला होता. कोणीतरी डोळ्यांत तेल घालून बसलं पाहिजे, आणि तो कोणीतरी मी होतो. याचा मला अभिमान होता. होता, असं म्हणतोय, हे लक्षात घ्या.

आता मूळ विषय. २०२०च्या सुरुवातीला आपल्या वाचनकक्षातल्या संगणकांवर जी प्रणाली होती, तिला बनवणाऱ्या कंपनीने अपडेट देणं थांबवलं. नवी आवृत्ती घ्यायची तर ही जुनी यंत्रं तिला झेपणार नव्हती. म्हणजे चालती यंत्रं भंगारात काढा आणि नवी आणा. सभा भरली. तेव्हा ताई उठल्या आणि म्हणाल्या की लिनक्स नावाची एक प्रणाली आहे, जुन्या यंत्रावरही चालते, मराठीतही मिळते, आणि फुकट आहे.

फुकट हा शब्द ऐकल्याबरोबर माझे कान उभे राहिले. तुम्हीच सांगा, फुकट कोण काय देतं? मी भर सभेत विचारलं, देणाऱ्याचा यात फायदा काय? ताईंनी सांगितलं की जगभरातल्या हजारो लोकांनी मिळून ती बनवली आहे, तिचा आतला सगळा मजकूर उघडा ठेवलेला आहे, ज्याला पाहायचं त्याने पाहावा, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा. मी इतिवृत्तात लिहिलं, "सदर प्रणाली विनामूल्य आहे, सबब सावधगिरी बाळगण्यात यावी." ते इतिवृत्त आजही कपाटात आहे. अक्षर माझंच आहे.

ताईंनी गाजावाजा केला नाही. खिडकीजवळच्या एका यंत्रावर ती प्रणाली टाकली आणि गप्प बसल्या. पंधरा दिवसांत काय झालं, तर बाकीची यंत्रं मोकळी आणि खिडकीजवळच्या यंत्रापुढे रांग. माझ्यासारख्या माणसाने रांग पाहून काय करावं? मी रांगेवर संशय घेतला. म्हटलं, या मुलांना तिथे काहीतरी मिळत असलं पाहिजे. मी आपल्या प्रमुख पाहुण्यांना, चंद्रभानजींना बाजूला घेतलं. सगळी हयात कामठीच्या यंत्रमागावर गेलेला माणूस, पुण्याच्या नातीशी बोलायला आणि पेपर वाचायला इथे येतो. मी विचारलं, त्या मशीनमध्ये तुम्हाला काही वेगळं जाणवतं का? ते म्हणाले, "पोतनीस साहेब, मले तर काहीच फरक नाही वाटला. हे बटन दाबलं का उघडते. पहिली उघडेपर्यंत मी चहा पिऊन येत होतो."

या उत्तराने माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

पुढच्या दोन वर्षांत सहा यंत्रं त्या प्रणालीवर गेली. आणि मग माझ्या नजरेस एक गोष्ट पडली. जेवणाच्या सुट्टीत ताई डबा लवकर आटोपायच्या, दार लोटून घ्यायच्या, आणि हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन एखाद्या सीपीयूचं झाकण उघडायच्या. फुंकणीने धूळ उडवायच्या. कधी एकातली मेमरीची पट्टी काढून दुसऱ्यात बसवायच्या. त्या जुन्या यंत्रांना जगवत होत्या, हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की एक बाई, बंद दाराआड, संस्थेच्या मालमत्तेचे भाग काढते आहे.

विचारायला हवं होतं ना? दार ढकलून आत जायचं आणि म्हणायचं, ताई, हे काय चाललंय? पण शंकेखोर माणूस विचारत नाही. विचारलं तर समोरचा सावध होतो, असा त्याचा समज असतो. तो सापळा लावतो.

मी आयुष्यात पाच निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं आहे. कागदी पट्टी, तिच्यावर सही, तारीख, वर लाख आणि ठसा. पट्टी फाटली की कोणीतरी हात लावला, पट्टी शाबूत की सगळं शाबूत. हे शिक्षण माझ्या रक्तात भिनलं आहे. २०२२च्या मे महिन्यात, एका शनिवारी दुपारी वाचनकक्ष बंद झाल्यावर मी ती सहाही यंत्रं सीलबंद केली. पट्ट्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, म्हणजे कोणाला दिसणार नाहीत. झाकणाच्या सांध्यांवर तर लावल्याच. पण मागे एक जाळी असते, गोल भोकांची. मला वाटलं, एवढी भोकं कशाला? इथून चिमट्याने काही ओढून काढता येईल. म्हणून त्या जाळीवर मी जाड खाकी कागद आडवा चिकटवला, चारी कडांना खळ लावून. वर लाखेचे दोन ठिपके. सही, कृष्णकांत पोतनीस.

मागच्या बाकावरची मुलं आत्ताच एकमेकांकडे बघायला लागली आहेत. त्यांना कळलं. मला कळायला चार वर्षं लागली. ती जाळी पंख्याची होती. यंत्राच्या पोटातली गरम हवा तिथूनच बाहेर पडते. आणि मे महिना कुठला, तर नागपूरचा. आपल्या हॉलमधल्या कूलरचा वारा दुसऱ्या टेबलापर्यंतही पोचत नाही, हे इथे अभ्यास केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सोमवारपासून यंत्रं बंद पडायला लागली. सकाळी ठीक, दुपारी अचानक पडदा काळा. गुरुवारी एका भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. साडेअकरा ते तीन या वेळात सहाही यंत्रं एकामागून एक बंद पडली. नऊ मुली अर्ज अर्धवट ठेवून उभ्या होत्या. त्यांतली रामटेककडची भावना रडायला लागली, तिचं वय पुढच्या वर्षी निघून जाणार होतं. ताईंनी सहा जणींचे अर्ज स्वतःच्या मोबाइलवर भरून दिले, उरलेल्या तिघींना उन्हात बडकस चौकापर्यंत नेऊन एका दुकानात बसवलं. नऊच्या नऊ अर्ज गेले. भावना आज नोकरीत आहे आणि इथे आली आहे.

आणि मी त्या संध्याकाळी काय केलं? यंत्रं फिरवून माझ्या पट्ट्या तपासल्या. एकही फाटलेली नव्हती. मग बसलो आणि कार्यकारिणीला गोपनीय अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य वाचून दाखवतो, प्रत सोबत आणली आहे. "निम्नस्वाक्षरीकर्त्याने लावलेले सील अबाधित आढळले, म्हणजेच बाहेरून कोणताही हस्तक्षेप झालेला नाही, सबब दोष हा सदर विनामूल्य प्रणालीचा असून, ती आग्रहाने बसवणाऱ्या सहायक ग्रंथपाल यांचा निष्काळजीपणा यातून सिद्ध होतो."

ज्या कागदाने यंत्रांचा श्वास कोंडला, तोच कागद मी पुरावा म्हणून जोडला. असा युक्तिवाद करायला तीस वर्षं कारकुनी करावी लागते, येरागबाळ्याचं काम नाही.

पुढच्याच महिन्यात ग्रंथपालपदाची बढती होती. ताईंचा हक्क होता, त्यांच्याइतकं जुनं दुसरं कोणी नव्हतंही. कार्यकारिणीने माझा अहवाल वाचला आणि ती बढती रोखली. पद रिकामं ठेवलं. काम मात्र सगळं ताईंनीच केलं, प्रभारी म्हणून, सहायकाच्या खुर्चीवर बसून. चार वर्षं. समोर बसलेल्या सदस्यांना मी दोष देत नाही. त्यांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवला.

त्या अहवालानंतर आठवड्याभरात यंत्रं सुरळीत चालायला लागली. मी काय समजलो असेन? मला वाटलं, बसला वचक, आणि त्या पट्ट्या मी परत पाहिल्याच नाहीत. मी ते चारचौघांत बोलूनही दाखवलं. हर्षाला जेवताना सांगितलं की एक कडक कागद लिहिला आणि बघ कसं सगळं सुतासारखं सरळ आलं.

गेल्या महिन्यात ताईंकडून कार्यभार ताब्यात घ्यायची वेळ आली. दुसरं कोणी असतं तर यादीवर सही करून मोकळं झालं असतं. मी कपाट, टेबल, खण, सगळं नोंदवहीशी ताडून पाहत होतो. टेबलाच्या खालच्या खणात एक लिफाफा निघाला. मी विचारलं, हे नोंदीत नाही, काय आहे? ताई म्हणाल्या, तुमचंच आहे, पाहा. आत माझ्या पट्ट्या होत्या. सहा यंत्रांच्या अठरा पट्ट्या, लाखेसकट. जाळीवरचे खाकी कागद मधोमध काळवंडलेले, आणि त्यावर धुळीचा गोल उमटलेला, पंख्याच्या पात्यांएवढा. लिफाफ्यावर ताईंच्या अक्षरात तारीख होती आणि एक ओळ होती, की आज सील काढले, यंत्रे आजपासून सुरू.

मी विचारलं, ताई, तुम्ही त्याच वेळी का नाही सांगितलं?

त्या काय म्हणाल्या ते मी त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण ते मला आता पाठ झालं आहे. "कोणाले सांगू सर? सील तुमचं, अहवाल तुमचा, अन् चौकशी कराची म्हटली तरी तुमच्याच टेबलावर येणार. सील नाही काढलं तर मशीन बंद पडते, काढलं म्हणून सांगतलं तर सील तोडल्याचा दुसरा मेमो. मंग मी काय करावं?"

मी म्हणालो, तुम्ही कधी रागावलेल्या दिसल्या नाहीत.

"राग नाही आला असं समजू नका. लई आला. रोज तुमच्या टेबलापुढून जातानी येत होता. आताही येऊन राहिला."

मंडळी, सत्काराच्या भाषणात सत्कारमूर्ती किती सोशिक, किती क्षमाशील, असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी ते म्हणणार नाही. त्यांना राग आला आणि तो रास्त होता.

त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट विचारली. म्हटलं, ताई, मला ते आतलं दाखवा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होतात, कोणीही पाहू शकतो. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि उघडून दाखवलं. ओळींमागून ओळी, हजारो. मला एक अक्षर कळलं नाही. पण कळत नसलं तरी मला नाही म्हणायला तिथे कोणी नव्हतं. ज्याला कळतं असा माणूस मी उद्या सोबत नेऊन प्रत्येक ओळ तपासून घेऊ शकतो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरच्या संगणकावर मी वीस वर्षं एक भलामोठा करार न वाचता खाली 'मान्य आहे' दाबत आलो. त्याच्या आत काय आहे हे मला कोणी कधी दाखवलं नाही, मीही कधी विचारलं नाही. दुधाचा क्रेट बघणारा माणूस मी. जी वस्तू उघडून दाखवतात तिच्यावर मी लाख ओतली, आणि जी बंद डब्यात मिळते तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. याला सावधगिरी म्हणायचं का? मी तरी आता म्हणत नाही.

तेव्हा इथल्या सगळ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या शंकेखोरांना, माझी विनंती आहे. मागच्या ऑक्टोबरात पुन्हा तेच झालं, आणखी एका आवृत्तीचे अपडेट थांबले, आणि कितीतरी घरांत चांगले लॅपटॉप आता टाकायचे म्हणून कपाटावर जाऊन बसले. ते टाकू नका. गेले सहा महिने ताई दर रविवारी सकाळी इथे असे लॅपटॉप लिनक्सवर चालते करून देत आहेत, आणि निवृत्तीनंतरही देणार आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, ताईंवरही ठेवू नका. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहा, आतलं काहीही न पुसता ती चालते. आवडली नाही तर पेनड्राइव्ह काढा, तुमचं जुनं सगळं जागच्या जागी असेल. कायमची बसवायची तर आधी आपले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा, मी तर दोन ठिकाणी काढली. एखादा प्रिंटर रुसेल. दुकानाच्या हिशेबाचं तुमचं ठरावीक सॉफ्टवेअर त्यावर कदाचित चालणार नाही, तेव्हा ज्यांचं काम त्यावर अडतं त्यांनी घाई करू नये. पण पत्र लिहिणं, अर्ज भरणं, नातवंडांशी बोलणं, भजनं ऐकणं, एवढ्यासाठी ती पुरून उरते. आमच्या घरी तीन आठवड्यांपूर्वी बसवली. हर्षाला मी मुद्दाम सांगितलं नाही. तिने अजून विचारलेलं नाही.

पाच वाजून एकवीस मिनिटं. आता कागद काढतो.

अध्यक्ष महोदया, हा माझा अर्ज आहे. २०२२चा गोपनीय अहवाल मी मागे घेत आहे. त्यातला दोष प्रणालीचा नव्हता, ताईंचा नव्हता, माझ्या खाकी कागदाचा होता, असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे आणि पट्ट्या सोबत जोडल्या आहेत. मागणी एकच आहे. ताईंना त्या वर्षीच्या जूनपासून मानीव तारखेने ग्रंथपालपदी बढती द्यावी आणि त्या आज ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाल्या अशी नोंद सेवापुस्तिकेत घ्यावी. साडेपाचनंतर सेवापुस्तिका बंद होते, मग हे काम कोर्टाशिवाय होत नाही. नियम काढून पाहिला आहे. कार्यकारिणीचे अकरापैकी आठ सदस्य पहिल्या रांगेत आहेत. गणपूर्ती होते, मी बसायच्या आधीच मोजली. सेवापुस्तिकाही आणली आहे, माझ्या खुर्चीवर आहे.

सभागृहात असं कधी झालं नाही, हे मला मान्य आहे. सत्काराच्या मंचावर कार्यालयीन काम आणू नये, हेही मान्य. पण मी हा अर्ज आठ दिवस आधी आवकीत टाकला असता तर त्यावर टिपणी मागवली गेली असती, आणि टिपणी लिहायला तो माझ्याच टेबलावर आला असता. आपलं कार्यालय मला चांगलं माहीत आहे.

अध्यक्षा मान हलवत आहेत. आभारी आहे. पण महोदया, मान हलवण्याला मी मंजुरी धरत नाही. सही लागेल. इथे, आणि खाली तारीख. वेळही घालावी. सदस्यांचे हात वर आहेत, मोजतो. आठ. तुम्ही धरून नऊ. इतिवृत्त मी आजच लिहितो, आणि या वेळी ते लिहून झाल्यावर ताईंना वाचायला देतो.

सही झाली. पाच वाजून सव्वीस मिनिटं.

टाळ्या थोड्या थांबवा. ताई, एक शेवटचं. या सहीने चार वर्षं परत येत नाहीत. ग्रंथपालाच्या खुर्चीवर तुम्ही एक दिवसही बसला नाहीत, तो दिवस मी देऊ शकत नाही. मी तुमची क्षमा मागतो, इतक्या लोकांसमोर, कारण बदनामी मी कागदावर केली आणि त्या कागदावर इतक्या लोकांनी विश्वास ठेवला. पण तुम्ही आत्ता लगेच "असू द्या सर" म्हणू नका. लोक बघत आहेत म्हणून तर मुळीच म्हणू नका. तुमच्या माणसांसोबत कन्हानला घरी जा, राग आहे तोवर राहू द्या.

अध्यक्षांचे, प्रमुख पाहुण्यांचे, हात वर करणाऱ्या सदस्यांचे आणि चहा थंड होऊ देऊन ऐकत बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, माझी मर्यादा सुटली असेल, तर श्रोत्यांनी मला आजच माफ करावं. ग्रंथपाल सौ. गोपिकाताई ठवरे यांनी सवडीने करावं, आणि नाही केलं तरी तो त्यांचा अधिकार आहे. धन्यवाद.